एका कप्प्याचे दोन धनी

२९ जुलै, मंगळवार

मी सांगते, शेजारची जुलियाना लिहून घेते आहे. शाळेतून निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली, पण दुसऱ्याचं बोलणं सुधारायची खोड गेली नाही. मी पानी म्हणते, ती पाणी लिहिते. लिहू दे. निदान कागदावर तरी मी शिकलेली दिसेन.

ही वही माझी खासगी. हिच्याशिवाय दोन चिठ्ठ्या असतात, त्यांचं आधी सांगते. आमच्या गासच्या खाडीला बांध आहे आणि बांधात उघाडी आहे. भरतीला उघाडी मिटायची, म्हणजे खाडीचं खारं पाणी भातात शिरत नाही. ओहोटीला उघडायची, म्हणजे साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. एवढंच काम. चाळीस वर्षं ते नथू भावजींनी दोन खाचांत लाकडी फळ्या घालून केलं. आता तिथे लोखंडी गेट आहे, मोटर आहे, भोंगा आहे, आणि खांबावर एक डबा आहे. पाणी चढलं की गेट आपोआप मिटणार आणि गावाला कळावं म्हणून भोंगा वाजणार. असं डब्याचं म्हणणं.

डबा केला माझ्या दोन नातवंडांनी. गेट चालवायचं काम प्रितेशचं. हा थोरल्याचा मुलगा, चंदनसारला फ्लॅटमध्ये राहतो. भोंगा ऋतिकाचा. ती धाकट्याची मुलगी, नालासोपाऱ्याला राहते. दोघं वसईच्या एकाच लहानशा कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि आठ महिने एकमेकांशी बोलत नाहीत. कारण तसंच मोठं आहे: प्रितेशच्या लग्नपत्रिकेत ऋतिकाच्या बापाचं नाव मुलाच्या मामाच्या खाली छापलं गेलं. एवढ्याशा शाईवर एका घराची दोन घरं झाली. मालकाने विचारलं की दोघंही सांगतात, आमचं बोलणं झालंय.

माझ्या ओटीवरून उघाडी दिसते, म्हणून नोंदी माझ्याकडे. प्रितेश म्हणाला, गेट कधी उठलं, कधी बसलं, तेवढं माझ्यासाठी लिहून ठेव. ऋतिका म्हणाली, भोंगा कधी वाजला, तेवढं माझ्यासाठी. म्हणून चिठ्ठ्या दोन.

"एकच कागद केला असता तर सोपं झालं असतं," जुलियाना म्हणाली.

"लिहायचा कंटाळा आला असेल तर तसं सांग," मी म्हटलं.

खरं कारण इथे सांगते. कागद एक असता तर न्यायला एकच जण आला असता. आता प्रितेश मंगळवारी येतो, ऋतिका शनिवारी. याआधी दोघं वर्षातून एकदा गणपतीला यायचे, तेही रिक्षा थांबवून ठेवून.

२ ऑगस्ट, शनिवार

ऋतिका आली. खारी आणली. दुपारभर ओटीवर लॅपटॉप मांडून बसली. मी विचारलं, हा ड्रायव्हर ड्रायव्हर काय चाललंय, गाडी तर दिसत नाही.

"गाडीचा नव्हे गं आजी. डब्यात छोटा संगणक आहे. त्याच्या आत एक कारभारी असतो, कर्नेल. कुठलंही यंत्र जोडायचं तर त्याच्याकडे आधी नोंद करायची. हे गेट, हे चालवणारा हा ड्रायव्हर. हा भोंगा, हे वाजवणारा हा ड्रायव्हर. मग तो जागा नेमून देतो."

"मग तुझी नोंद झाली?"

ती जरा घुटमळली. "चिपमध्ये आठ खटक्यांचा एक कप्पा आहे, त्याला रजिस्टर म्हणतात. थोडे खटके गेटचे, थोडे भोंग्याचे. प्रितेशने आख्खा कप्पा आपल्या नावावर लावून घेतलाय. मी गेले तर कर्नेल म्हणतो, जागा घेतलेली आहे."

"मग त्याला सांगायचं, जरा सरक."

"काही अडलं नाही माझं. नाव न लावताही कप्प्यात लिहिता येतं. कर्नेल अडवत नाही."

म्हणजे घर चुलतभावाचं आणि ही मागच्या दाराने येऊन दिवे लावणार. मी खारी खाल्ली. मला त्यातलं काय कळतं.

चार वाजता तिने भोंगा वाजवून पाहिला. म्हशी दावं तोडायला निघाल्या, इतका उत्तम वाजला. ऋतिकाचं तोंड लॅपटॉपात, पाठ गेटकडे. गेट मात्र भोंग्यासरशी हललं आणि हळूहळू वीतभर वर चढलं. पाच मिनिटांनी आपलं आपण खाली बसलं. भोंग्याचं भोंग्याच्या चिठ्ठीत घातलं: चार वाजता वाजला. गेटचं गेटच्या चिठ्ठीत: चार वाजता वीतभर वर. ज्याचं त्याला.

निघताना ऋतिकाने चपलेचा पट्टा लावत विचारलं, "तो काही म्हणाला का माझ्याबद्दल?"

"छे," म्हटलं.

म्हणाला होता. मंगळवारी दोनदा.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रितेश आला. नानखटाई आणली आणि माझ्या गुडघ्याचं मलम. आल्याआल्या डब्यातला ऋतिकाचा प्रोग्राम बंद केला. म्हणाला, दुसऱ्याचा पसारा चालू असताना मला काम सुचत नाही. मग गेट दहा वेळा वर, दहा वेळा खाली. शाळेतल्या कवायतीसारखं. एकदाही चुकलं नाही. तो खूश.

चिठ्ठी वाचून मात्र कपाळाला आठी. "शनिवारी चार वाजता वीतभर वर? तेव्हा काय चाललं होतं?"

"मला काय माहीत. मी गेटकडे बघत होते."

त्याने खाचेत ग्रीस भरलं. गंज असेल म्हणाला. जाताना तिचा प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि विचारलं, "ऋतू बरी आहे ना? काही विचारते का?"

"तिला कुठे वेळ," मी म्हटलं.

जुलियानाने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, तुझं काम ऐकून लिहायचं, बघायचं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज सगळं सांगायचं तर जुलियानाचा हात दुखेल. दुखू दे.

पौर्णिमेचं उधाण होतं. भरती साडेबाराला. ऋतिका अकरालाच आली, आज भोंगा खऱ्या पाण्यावर वाजणार म्हणून. बॅगेतून लॅपटॉप काढताना एक राखी खाली पडली. तिने झटकन उचलून परत आत टाकली. प्रितेश आला नाही, आज शनिवार. बांधावर बंधारा समितीची माणसं छत्र्या घेऊन उभी. समितीचे अध्यक्ष नथू भावजी. त्यांच्या फळ्या गेल्या तेव्हा भरपाई म्हणून गावाने त्यांना ही खुर्ची दिली.

गेट मिटलेलं होतं. पाणी खुणेपर्यंत चढलं आणि भोंगा सुरू झाला. टाळ्या पडल्या. ऋतिका हसली. आणि टाळ्या चालू असतानाच गेट उठायला लागलं.

घाईने नाही. पाहुणे आल्यावर उठावं तसं, सावकाश, मानाने. खालून पाणी आत शिरलं. पाचेक मिनिटांनी भोंगा घास अडकल्यासारखा थांबला, गेट दोन बोटं खाली आलं. क्षणात भोंगा पुन्हा सुरू आणि गेट पुन्हा वर. मग ते थेट वर जाऊनच थांबलं. गावाला खारं पाणी आल्याची वर्दी देत भोंगा वाजतोय आणि त्याच पाण्याला दार सताड उघडं. अशी सोय माझ्या हयातीत कोणी केली नव्हती.

"फळ्या आना," नथू भावजी ओरडले नाहीत, नुसते म्हणाले. चार माणसं छातीभर पाण्यात उतरली. जुन्या खाचा अजून आहेत. फळ्या बसेपर्यंत खालच्या सात खाचरांत पाणी गेलं. त्यातली दोन माझी.

माझ्यासमोर भावजी काठावर बसले, ओले, धापा टाकत. "वहिनी, भात अजून लहान हाय. पावसानं खार धुऊन निंगल. पन अमावास्येला आलं तर भात पोटरीत असंल, कनीस पोटात. तवा पानी शिरलं तर संपलं. गावाचं सगलं."

 माणसाने चाळीस वर्षं फळ्या घातल्या की त्याला असा एक दिवस मिळतोच, जेव्हा तो बरोबर असतो.

चिठ्ठ्या केल्या. ऋतिकाच्या: भोंगा वेळेवर वाजला. प्रितेशच्या: गेट उठलं.

१० ऑगस्ट, रविवार

मंदिरासमोर बैठक. भोंग्याचं कौतुक झालं. भोंगा नसता तर गावाला कळलंच नसतं म्हणाले. गेटला शिव्या. ऋतिका मान खाली घालून उभी. कौतुक अंगाला लागत नव्हतं तिच्या. प्रितेशला फोनवर घेतलं होतं. त्याचं एकच, "माझ्याकडे गेट एकदाही चुकलेलं नाही." कोणीतरी म्हणालं, मग गेट तुझ्या घरीच ठेव.

ठरलं ते असं: तेवीस तारखेला अमावास्या. तोवर गेट नीट झालं तर ठीक. नाही तर डबा खांबावरून खाली, फळ्या खाचेत, आणि प्रितेशने गावच्या बांधाला पुन्हा हात लावायचा नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रितेश आला नाही. नानखटाई संपली आहे. एवढंच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज मी सांगायच्या आधी जुलियानाच बोलली. वहीच्या मागच्या पानांवर ती चिठ्ठ्यांची नक्कल ठेवते, ती पानं उलटून समोर ठेवली, जशी मी वाचणारच आहे.

"काकी, दोन तारखेला भोंगा चारला. गेट चारला. सात तारखेला पाणी जरा चढलं तेव्हा भोंगा सव्वाअकराला, गेट सव्वाअकराला. नऊ तारखेचं तर सगळ्यांनी पाहिलं. भोंगा वाजला की गेट उठतं. दर वेळी. आणि दर पाच मिनिटांनी गेट खाली यायला बघतं तेव्हा भोंगा अडखळतो."

"मग?"

"मग हे त्या दोघांना माहीत नाही. प्रितेशच्या चिठ्ठीत फक्त गेट, ऋतिकाच्या चिठ्ठीत फक्त भोंगा. दोन्ही एका जागी फक्त या वहीत आहे."

मी म्हटलं, तू लिहितेस, तुला आधी दिसायला हवं होतं. ती म्हणाली, दिसलं होतं, पण तुम्ही बघू नको म्हणालात. शिक्षकांच्या जातीला असं उत्तर देता येतं म्हणूनच पेन्शन मिळते.

 आता सांगते ते लिही. मला दोन्ही दिसत होतं. कसं जोडायचं ते कळत नव्हतं, हे खरं. पण दोघांना एकत्र बसवून बोलले असते तर त्यांना कळलं असतं, हेही खरं. आणि एकत्र बसले की भांडण मिटलं असतं, मग मंगळवारही गेला असता आणि शनिवारही. माझा एवढा हिशोब. त्यात सात खाचरं बुडाली.

हे जसंच्या तसं लिही. सुधारू नकोस.

१६ ऑगस्ट, शनिवार

दोघांना फोन केले. ऋतिकाला सांगितलं, भोंग्यात पाल शिरली. प्रितेशला सांगितलं, गेटात म्हैस अडकली. दोघं अकराच्या ठोक्याला हजर. ओटीवर एकमेकांना पाहून दोघांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"म्हैस कुठाय?" प्रितेश म्हणाला.

"सुटली. बस."

जुलियानाने दोन्ही चिठ्ठ्यांच्या नकला शेजारी शेजारी धरल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी वाचली. भोंगा चारला, गेट चारला. तिसऱ्या ओळीला प्रितेश उठून उभा राहिला. चौथ्या ओळीला ऋतिकाचा चेहरा उतरला.

"तू कप्पा कसा लिहितेस?" त्याने विचारलं. आठ महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि ते हे.

"आठही खटके एकदम. डबा सुरू होताना एकदा वाचून ठेवलेत. त्यातले माझे दोन बदलते, बाकीचे होते तसेच ठेवते."

"डबा सुरू होतो तेव्हा माझं गेट तपासणीसाठी वर उठत असतं. 'वर'चा खटका चालू असतो."

"म्हणजे माझ्या आठवणीत तो कायमचा चालू."

"म्हणजे तू भोंगा वाजवलास की दर वेळी गेटला सांगतेस, ऊठ."

ऋतिकाने जुलियानाच्या हातून कागद ओढून घेतला. मग तीही पेटली. "आणि तू? तूही आठही लिहितोस ना? दर पाच मिनिटांनी माझा भोंगा कोण गिळतो?"

"मी," तो म्हणाला. "दर पाच मिनिटांनी गेट जागेवर आहे ना बघतो आणि आठही पुन्हा लिहितो."

"तू नोंद करायला का नाही आलीस?"

"आले होते. कर्नेलने हाकललं. आख्खा कप्पा तुझ्या नावावर."

"मग मला विचारायचं."

"तुला? दर शनिवारी आजीजवळ तुझी चौकशी करते. तू म्हणे माझं नावही काढत नाहीस."

"मी नाव काढत नाही? दर मंगळवारी..." तो थांबला. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतकं सारखं पाहिलं की कोण कोणाचं पोर, कळू नये.

"वय झालं. लक्षात राहत नाही," मी म्हटलं.

"काकींच्या सगळं लक्षात राहतं," जुलियाना म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

पुढचा तासभर मला सोडून भांडले, तेवढं बरं झालं. कप्पा कोणाच्या नावावर ठेवायचा यावर जुंपली. प्रितेश म्हणे, माझी नोंद पहिली, माझ्याकडे राहू दे, तू मला सांग, मी तुझा भोंगा वाजवतो. ऋतिका म्हणे, म्हणजे मी तुझी भाडेकरू, भोंगा वाजवायला तुझी परवानगी. मी ओटीवर शेंगा सोलत ऐकत होते. जमिनीचे वाटे करताना यांचे बाप असेच बसले होते, फक्त त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते.

शेवटी ऋतिकाच म्हणाली, "कोणाच्याच नको. तिसरा ड्रायव्हर करू. पालक. तो गेटही चालवणार नाही आणि भोंगाही नाही. कप्पा फक्त त्याच्या नावावर. कर्नेलकडे आधी तो नोंदवायचा, मग तो आपल्या पोटी गेट आणि भोंगा नोंदवेल. आपण दोघांनी कप्प्याला हात लावायचा नाही. त्याला फक्त सांगायचं, माझा हा खटका लाव."

"आणि एकाचं चालू असताना दुसऱ्याला थांबवायचं," प्रितेश म्हणाला. "कुलूप लावून कप्पा नव्याने वाचायचा, सांगितलेला तेवढाच खटका बदलायचा, बाकीच्यांना धक्का नाही, मग कुलूप काढायचं."

"एवढंच होतं तर आठ महिने काय केलंत?" मी विचारलं.

दोघांनी पुन्हा लॅपटॉपात तोंडं घातली. जेवायला थांबले मात्र. भात कमी पडला.

२० ऑगस्ट, बुधवार

चार दिवस दोघं रजा टाकून माझ्या ओटीवर. घरात वायरी, चहाचे कप आणि इंग्रजी. त्या तिसऱ्या ड्रायव्हरला त्यांनी माझंच नाव दिलं आहे, कमळी. मी विचारलं, ही करते काय? ऋतिका म्हणाली, "स्वतः काही करत नाही. पण दोघांचं ऐकून घेते, एकाचं दुसऱ्यावर पडू देत नाही."

मी म्हटलं, नाव बदला. चेष्टा वाटली त्यांना. हसले. मला चेष्टा करायची नव्हती.

आज पहिल्यांदा दोन्ही प्रोग्राम चालू ठेवून, दोघांनी गेटकडे तोंड करून भोंगा वाजवला. गेट जागचं हललं नाही. पण पाणी ओहोटीचं होतं. ओहोटीला माझी म्हैससुद्धा शहाणी असते.

२३ ऑगस्ट, शनिवार

अमावास्या. भात पोटरीत आलं आहे. वारा पडला की त्याचा गोड वास घरापर्यंत येतो. बांधावर आख्खं गाव. नथू भावजींनी फळ्या आणून खाचेच्या तोंडाशी रचल्या आणि त्यांवर स्वतः बसले.

प्रितेश आणि ऋतिका खांबाशी. त्याच्या मनगटावर राखी दिसली, चौदा दिवस उशिराची. कधी बांधली ते मला कोणी सांगितलं नाही. आता मला सांगायचं कारणही नव्हतं.

बाराला पाणी खुणेला लागलं. भोंगा सुरू झाला. या वेळी टाळी नाही. दोनशे माणसं एका लोखंडी पत्र्याकडे बघत होती. मी माझ्या लुगड्याचा पदर मुठीत धरला होता, हे जुलियाना लिहिते आहे कारण ती शेजारी होती.

पाणी आणखी चढलं. गेट हललं. खरंच हललं, वरची कड थरथरली. भावजी फळीवरून उठले. प्रितेश पांढरा पडला, हात डब्याच्या बटणाकडे गेला. ऋतिकाने तो मध्येच धरला. "पाण्याचा रेटा आहे. खटके बघ. 'वर' बंद आहे. हात नको लावूस."

पाच मिनिटं झाली. भोंगा अडखळला नाही. दहा झाली. गेट थरथरत राहिलं, उठलं नाही. खाडी बांधाच्या त्या बाजूला डोक्यावर आणि या बाजूला भात कोरड्या अंगाने उभं. भोंगा मी आयुष्यात कधी इतक्या आवडीने ऐकला नव्हता. पाऊण तासाने पाणी उतरायला लागलं आणि तो थांबला, तेव्हा शांतता कानात दुखली.

नथू भावजी गेटपाशी जाऊन वाकून बघून आले. मग फळ्या उचलून डोक्यावर घेतल्या. "चांगलं मिटलं," एवढं प्रितेशला म्हणाले, आणि ऋतिकाला, "तुजा भोंगा लय कर्कश हाय." तिला ते कौतुकापेक्षा जास्त आवडलेलं दिसलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपतीला दोघं आले. एकाच रिक्षाने. रिक्षा थांबवून ठेवली होती. प्रितेश म्हणाला, चिठ्ठ्यांची आता गरज नाही आजी, डबा स्वतःच नोंदी पाठवतो. माझी नोकरी गेली. डबा मोदक खात नाही, एवढाच त्याचा दोष.

३ सप्टेंबर, बुधवार

काल मंगळवार होता. प्रितेशला फोन करून सांगितलं की गेट किरकिरतंय. ऋतिकाला काही सांगितलं नाही, तरी दोघं तासाभरात आले. धापा टाकत. दोन तास गेट उघडमीट केलं. गेट गप्प.

ऋतिका ओटीवर येऊन बसली. "आजी, किरकिर नव्हतीच ना?"

"असेल, नसेल. म्हाताऱ्या माणसाचे कान."

"आम्ही यावं असं वाटलं तर तसं सांगायचं."

"तसं सांगितलं की तुम्ही 'बघू' म्हणता. गेटचं सांगितलं की तासात येता."

 प्रितेश चिडला होता. "उद्या खरंच काही झालं आणि आम्हाला वाटलं तू पुन्हा तसंच करतेस, तर? भात सगळ्यांचं आहे. गेटचं खोटं सांगायचं नाही."

बरोबर बोलला. तेही मान्य केलं नाही मी. नुसतं म्हटलं, जेवून जा. आणि वाढताना सांगून टाकलं, की त्या चिठ्ठ्या मी मुद्दाम दोन ठेवल्या होत्या, आणि कोणी कोणाची चौकशी करत नाही हे मुद्दाम सांगत होते. ताटाकडे बघत सांगितलं. दोघं बराच वेळ भात कालवत राहिले.

मग प्रितेश म्हणाला, "आमटी खारट झालीये."

नव्हती झाली. पण मी ऐकून घेतलं.

६ सप्टेंबर, शनिवार

आज दोघं आले आणि डब्यापासून माझ्या ओटीपर्यंत वायर ओढली. तिच्या टोकाला एक लाल बटण, दाराच्या चौकटीवर, माझ्या हाताला येईल असं. त्या कप्प्यात अजून खटके रिकामे होते म्हणे. त्यातला एक मला दिला. पालकाच्या पोटी तिसरी नोंद केली. एकदा बटण दाबलं की दोघांच्या फोनवर निरोप जातो. गेटचा नाही, भोंग्याचा नाही, फक्त 'आजी'.

"आणि मी दाबलं तर गेट उठणार नाही ना?" मी विचारलं.

"तुझा खटका वेगळा. बाकीच्यांना धक्का लागत नाही," ऋतिका म्हणाली.

"खोटं कारण सांगायचं नाही," प्रितेश म्हणाला. "कारणच सांगायचं नाही. दाबायचं फक्त."

म्हणजे सरकारदरबारी मी आता भोंग्याच्या शेजारी नोंदलेलं एक यंत्र.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सात तारखेचं पौर्णिमेचं उधाण आलं आणि गेलं. गेट मिटलेलं राहिलं. बांधावर कोणी आलं नाही, फक्त नथू भावजी, रिकाम्या हाताने. खालच्या खाचरांत भात निसवायला लागलं आहे, लोंब्या डोकावतायत, माझ्या दोन्हींतही.

बटण सहा दिवस तसंच आहे. जुलियाना रोज विचारते, दाबलं का. दाबायला कारण नको म्हणतात, पण मला कारण लागतं, इतकी वर्षं मी कारणांवर काढली आहेत. म्हटलं, असू दे. पहिला मान त्यांचा, त्यांनाच आठवण होऊ दे.

आज दुपारी प्रितेशचा फोन आला. मागून ऋतिकाचा आवाज.

"आजी, बटण चालतंय ना? सहा दिवस एकही निरोप नाही."

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी दाबलेलंच नाही."

पलीकडे दोघांचं काहीतरी कुजबुजणं झालं. बटणात दोष असेल, की वायर उंदराने कुरतडली असेल, की आजीला राग आलाय, यावर एकमत होईना.

रविवारी दोघं तपासायला येतायत. दिवसभर लागेल म्हणाले.